इशारा आला, पण बघायला कोण जाणार?

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे आणि विषय नेहमीचा नाही. हायवेचे खड्डे, एस्टीचं वेळापत्रक, लाईट जाणं, हे सगळं पुढच्या आठवड्यात बघू. आज आभाळातलं बोलायचंय. पण सुरुवात आपल्या तळेरे तिठ्यावरूनच करतो, कारण या विषयातली मुख्य गोष्ट मला तिथेच कळली, आणि तीही स्वतःची चूक झाल्यावर.

काही वर्षांपूर्वीचा जुलै. रात्री साडेनऊच्या सुमारास ग्रुपवर मेसेज आला, ‘घाटात दरड कोसळली, वाहतूक बंद.’ कुठला घाट? करूळ की भुईबावडा? लिहिलेलं नव्हतं. मी मनाने करूळ धरला, खाली स्वतःचं एक वाक्य जोडलं आणि मेसेज पुढे ढकलला. अर्ध्या तासाने एक गाडी पेशंटला घेऊन कोल्हापूरला निघाली होती. तिने तो मेसेज वाचला, वैभववाडीचा रस्ता सोडला आणि नांदगावावरून फोंडा घाटाने गेली. भर पावसात, लांबच्या वाटेने. दुसऱ्या दिवशी कळलं की दरड भुईबावड्यात होती, करूळ मोकळा होता. पेशंट वाचला ही देवाची कृपा. पण त्यांच्या घरातल्या काकांनी मला तिठ्यावर गाठून एवढंच विचारलं, “तू डोळ्यान बघलस काय?”

मला उत्तर देता आलं नाही.

त्या प्रश्नाचा आणि विश्वातून येणाऱ्या न्यूट्रिनो नावाच्या कणांचा फार जवळचा संबंध आहे. शास्त्रज्ञांनाही असाच मेसेज येतो, ‘अमुक दिशेला काहीतरी मोठं घडलंय.’ नेमकं कुठे, ते त्यात नसतं. मग कोणीतरी तातडीने जाऊन बघावं लागतं. ते ‘जाऊन बघणं’ आज बऱ्याचदा एक्स-रे दुर्बिणी करतात. आणि त्या बघणाऱ्यांमध्ये आपला देश कुठे आहे, यावर मला आज बोलायचंय.

आधी न्यूट्रिनो म्हणजे काय ते सांगतो. हा एक अतिसूक्ष्म कण. त्याला विद्युतभार नाही, वस्तुमान जवळजवळ नाहीच. सूर्यातून निघालेले असे सुमारे साडेसहा हजार कोटी कण दर सेकंदाला तुमच्या अंगठ्याच्या नखातून आरपार जातायत. आत्ता, हे वाचताना. रात्रीसुद्धा, पृथ्वीच्या पोटातून वर येऊन. तुम्हाला काही होत नाही, कारण ते कोणाशी बोलतच नाहीत. भिंत, डोंगर, अख्खी पृथ्वी, त्यांना सगळं सारखंच.

याचा एक फायदा आहे. भार असलेले कण वाटेतल्या चुंबकीय क्षेत्रांमुळे वळतात, त्यामुळे ते इथे पोचले तरी कुठून आले ते सांगता येत नाही. न्यूट्रिनो सरळ रेषेत येतो. तो ज्या दिशेने आला, त्या दिशेला त्याचं घर असणारच. अडचण एवढीच की तो पकडायचा कसा.

त्यासाठी दक्षिण ध्रुवावर आइसक्यूब नावाची वेधशाळा उभी केलीय. तिथल्या बर्फात खोल भोकं पाडून ५१६० प्रकाशमापक सोडलेत, साधारण दीड ते अडीच किलोमीटर खोलीवर. एक घन किलोमीटर बर्फ म्हणजेच ती दुर्बीण. २०१० च्या डिसेंबरात ती पूर्ण झाली. कोट्यवधींतला एखादा न्यूट्रिनो बर्फातल्या अणूवर आदळतो, त्यातून दुसरा कण सुटतो आणि त्याच्या वाटेवर निळसर प्रकाश उमटतो. त्या प्रकाशावरून दिशा काढतात. सूर्यातून येतात त्यापेक्षा अब्जावधी पट ऊर्जा असलेले न्यूट्रिनो असे सापडले, तेव्हा २०१३ साली जगाला पक्कं कळलं की हे आपल्या सूर्यमालेतले नाहीत, दूर कुठून तरी येतायत.

कुठून? तिथूनच सगळा घोळ सुरू होतो.

२२ सप्टेंबर २०१७. आपल्याकडे तारीख बदलून २३ झाली होती, पहाटेचे अडीच वाजत आले होते. आइसक्यूबमध्ये एक जोरदार न्यूट्रिनो सापडला. ४३ सेकंदांत यंत्राने आपोआप जगभर मेसेज पाठवला. मेसेजमधली जागा होती आकाशातला साधारण एक चौरस अंश. ऐकायला लहान वाटतं, पण त्यात पौर्णिमेचे पाच चंद्र शेजारी शेजारी मावतात, आणि एवढ्या तुकड्यात दूरच्या दीर्घिका किती असतात याला गणती नाही. ‘घाटात दरड पडली’ म्हटल्यासारखंच झालं. घाट कुठला, वळण कुठलं?

मग स्विफ्ट नावाचा नासाचा उपग्रह धावला. पटकन वळून बघण्यासाठीच तो बनवलाय. त्याची एक्स-रे दुर्बीण एका वेळी आकाशाचा छोटाच तुकडा बघते, म्हणून न्यूट्रिनो आल्यापासून सव्वातीन तासांत त्याने तो भाग १९ तुकड्यांत तपासायला सुरुवात केली. जमीन मोजणारा जसा एकेक गट नंबर घेत जातो तसं. त्या सगळ्या भागात एक्स-रे देणाऱ्या नऊ जागा सापडल्या. लाखो दीर्घिकांमधून संशयित उरले नऊ! त्यातली एक जागा म्हणजे टीएक्सएस ०५०६+०५६ नावाची दीर्घिका. पुढच्या काही दिवसांत फर्मी उपग्रहाच्या चमूने कळवलं की हीच दीर्घिका सध्या गॅमा किरणांत नेहमीपेक्षा जास्त पेटलेली आहे. मग आणखी दुर्बिणी वळल्या. जुलै २०१८ मध्ये हे सगळं जाहीर झालं.

ही दीर्घिका आपल्या मृग नक्षत्राच्या खांद्याजवळ आहे. ज्या मृगाकडे बघून आपली आजी पेरणीचं बोलायची, त्याच दिशेला, पण त्या ताऱ्यांच्या खूप खूप मागे, जवळजवळ चारशे कोटी प्रकाशवर्षांवर. तिच्या मध्यभागी प्रचंड कृष्णविवर आहे आणि त्यातून निघणारा कणांचा झोत नेमका आपल्याकडे रोखलेला आहे.

आता कोणी विचारेल, एक्स-रेच कशाला? नुसती दुर्बीण लावली की झालं की!

कारण असं. असे न्यूट्रिनो तयार होतात ते वेगवान प्रोटॉन वायूवर किंवा प्रकाशकणांवर आदळल्यावर. त्याच आदळण्यात गॅमा किरणही जन्मतात. पण जिथे गर्दी जास्त, तिथे गॅमा किरण बाहेर पडायच्या आतच अडकतात, फुटतात आणि त्यांची ऊर्जा खाली खाली घसरत एक्स-रेपर्यंत येते. म्हणजे भट्टीतला जाळ दिसला नाही तरी कौलांतून धूर दिसतोच. एक्स-रे हा तो धूर. शिवाय साध्या प्रकाशात आकाशाचा कुठलाही तुकडा बघितला तर ठिपकेच ठिपके. एक्स-रेमध्ये मात्र मोजक्याच जागा दिसतात, आणि त्या बहुतेक अशाच उपद्व्यापी असतात. गर्दीतून संशयित वेगळे काढायला याहून सोयीचं काही नाही.

फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. आभाळातले एक्स-रे आपल्या हवेतून खाली येत नाहीत. (ते बरंच आहे, नाहीतर आपण जगलोच नसतो.) त्यामुळे या दुर्बिणी डोंगरावर बसवून चालत नाही, उपग्रहावरच न्याव्या लागतात. हे काम देशाने ठरवलं तरच होतं. कुठल्या हौशी मंडळाच्या वर्गणीतून होणारं नाही.

आता त्या २०१७ च्या गोष्टीचा दुसरा भाग. वर्तमानपत्रांत आला नाही, पण मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

‘सापडलं घर’ म्हणून जगभर बातमी झाली. पण ज्यांनी ते शोधलं त्यांनीच लिहून ठेवलं की हा योगायोग असण्याची शक्यता हजारात एक एवढी आहे. आपल्याला वाटेल हजारात एक म्हणजे पक्कंच. भौतिकशास्त्रात ते पुरत नाही. ‘शोध लागला’ म्हणायला साधारण पस्तीस लाखांत एक एवढी खात्री लागते. आणि गंमत म्हणजे एक्स-रेनेच पुढे जाऊन शंकाही काढली. त्या दीर्घिकेच्या प्रकाशाचा आलेख काढला की दोन डोंगर आणि मधे दरी असं चित्र दिसतं. एक्स-रे त्या दरीत येतात. तिथे प्रोटॉन धडाधड आदळून खूप न्यूट्रिनो निघत असते, तर सोबतच्या धुराने ती दरी भरून आली असती. मोजलं तर दरी खोलच होती. म्हणजे त्या काळात तिथून निघणारे न्यूट्रिनो साध्या हिशोबाप्रमाणे फार थोडे असायला हवेत. मग आपल्याला एक मिळाला तो नशीबाने, की आपला हिशोबच कुठे चुकतोय? यावर अजून वाद चालू आहे.

विचार करा मंडळी. ज्या साधनाने संशयित पकडून दिला, त्याच साधनाने ‘थांबा, एवढं सोपं नाही’ असंही सांगितलं. साक्षीदार असा हवा. दोन्ही बाजूंनी खरं बोलणारा.

आणखी एक. जुन्या नोंदी चाळल्यावर कळलं की त्याच दिशेने २०१४–१५ च्या हिवाळ्यात सुमारे पाच महिन्यांत डझनभर जास्तीचे न्यूट्रिनो येऊन गेले होते. गॅमा किरणांत तेव्हा विशेष काही दिसलं नव्हतं. मग एक्स-रेमध्ये काय चाललं होतं? ते नीट सांगता येईल अशी सलग नोंदच नाही. त्या दीर्घिकेकडे तेव्हा कोणाचं लक्ष नव्हतं. जेसीबीने दरड बाजूला केल्यावर दुसऱ्या दिवशी घाटात जाऊन काय दिसणार? ओला रस्ता. गेलेला क्षण कितीही पैसे टाकले तरी परत मिळत नाही.

असंच पुन्हा घडलं. १३ फेब्रुवारी २०२३ ला भूमध्य समुद्रात सिसिलीजवळ साडेतीन किलोमीटर पाण्याखाली बांधकाम चालू असलेल्या केएम३नेट या वेधशाळेत एक न्यूट्रिनो सापडला. तोवर दिसलेल्या सगळ्यांपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जेचा. पण तो ओळखून, तपासून जाहीर करेपर्यंत फेब्रुवारी २०२५ उजाडला. त्या दिशेला डझनाहून जास्त संशयित दीर्घिका आहेत. शास्त्रज्ञांनी एक्स-रेच्या जुन्या-नव्या नोंदी जमवून बघितल्या. घर काही पक्कं ठरलं नाही. इशारा वेळेवर सुटला नाही, तर मागाहून धावणाऱ्याची किती अडचण होते त्याचं हे उदाहरण.

उलट जिथे धीर धरून वर्षानुवर्षं मोजलं तिथे फळ मिळालं. नोव्हेंबर २०२२ मध्ये आइसक्यूबने एनजीसी १०६८ या सुमारे पावणेपाच कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेतून ७९ च्या आसपास जास्तीचे न्यूट्रिनो दाखवले. ही दीर्घिका गॅमा किरणांत मंद आहे. तिचं पोट वायू आणि धुळीने झाकलेलं, जास्त ऊर्जेचे एक्स-रे तेवढे त्यातून कसेबसे बाहेर येतात. म्हणजे जाळ झाकलेला आणि धूर बाहेर, असं जे म्हणत होतो त्याचा हा नमुना. तेव्हापासून अशा एक्स-रेमध्ये ठळक दिसणाऱ्या दीर्घिकांकडे लोक जास्त गांभीर्याने बघू लागले.

यात आपल्या बाजूचं कोणी आहे का? आहे. तळेऱ्यावरून गगनबावडा चढून कोल्हापूर ओलांडलं की पुढे कुरुंदवाड लागतं. श्रीनिवास कुलकर्णी हे जगातल्या मोठ्या खगोलशास्त्रज्ञांपैकी एक, त्यांचा जन्म त्या कुरुंदवाडचा. कॅलिफोर्नियातली झेडटीएफ ही आकाशात रोज नवीन काय उजळलं ते टिपणारी यंत्रणा त्यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. १ ऑक्टोबर २०१९ ला आलेल्या एका न्यूट्रिनोच्या दिशेला तिने बघितलं, तर तिथे तिला एप्रिलपासूनच माहीत असलेली एक घटना होती. एका कृष्णविवराने जवळ आलेला तारा फाडून गिळला होता. स्विफ्टला तिथे एक्स-रे दिसले होते, आणि लवकरच ते विझलेही होते. त्या न्यूट्रिनोचं घर तेच का, यावर अजून एकमत नाही. पण प्रश्न विचारता आला तो आधीच्या नोंदी होत्या म्हणून.

आता भारताचं बोलू. इथे मला अभिमानही वाटतो आणि रागही येतो.

अभिमान याचा की या विषयात आपण मागून आलेलो नाही. कर्नाटकातल्या कोलार सोन्याच्या खाणीत, सव्वादोन किलोमीटरपेक्षा जास्त खोलीवर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मंडळींनी जपानी आणि इंग्रज सहकाऱ्यांबरोबर यंत्रं लावली आणि १९६५ साली वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो पकडले. जगात त्याच सुमारास आणखी एकाच गटाला ते जमलं होतं, दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीत. पुढे खाणी बंद पडल्या, तो प्रयोगही संपला. त्यानंतर भारतातल्या भूमिगत न्यूट्रिनो वेधशाळेला केंद्राने २०१५ च्या जानेवारीत मंजुरी दिली, पण तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात ती विरोधात आणि कोर्टकचेऱ्यांत अडकली ती अडकलीच.

तिथल्या लोकांना मी वेड्यात काढणार नाही. प्रकल्प म्हटलं की कोकणी माणूसही आधी विचारतो, जमीन कोणाची, पाणी कुठलं, डोंगर का फोडता? हे प्रश्न बरोबरच आहेत. ते विचारल्यावर समोरच्याने इंग्रजीत फाईल पुढे केली तर संशय वाढणारच. न्यूट्रिनोने कोणाला इजा होत नाही हे खरं, पण ते लोकांच्या भाषेत, लोकांच्या ओसरीवर बसून सांगायचं काम शास्त्रज्ञांचं आणि सरकारचं होतं. आपल्याकडेही हेच होतं आणि मग दोन्ही बाजू हरतात.

उपग्रहाला मात्र कोणाची जमीन लागत नाही. २८ सप्टेंबर २०१५ ला इस्रोने श्रीहरिकोट्याहून ॲस्ट्रोसॅट सोडला, भारताची पहिली अवकाश वेधशाळा. त्यावर एक्स-रेची बहुतेक साधनं टाटा संस्थेत तयार झाली, काहींत पुण्याच्या आयुकाचा मोठा वाटा. म्हणजे हा उपग्रह बराचसा मुंबई-पुण्याच्या हातांचा आहे. खर्च सुमारे १७८ कोटी असं तेव्हा छापून आलं होतं. आपल्या हायवेच्या चौपदरीकरणात किती कोटी गेले ते आपण वर्षानुवर्षं ऐकतोय, त्यापुढे ही रक्कम ठेवून बघा. पाच वर्षं चालेल म्हणून सोडलेला तो उपग्रह दहा वर्षं टिकला.

आणि त्याने एकदा भल्याभल्यांना चुकण्यापासून वाचवलं. ४ जानेवारी २०१७ ला अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेने गुरुत्वीय लहर पकडली. त्या दिशेला हवाईतल्या दुर्बिणीला एक विझत चाललेला ठिपका दिसला. लोकांना वाटलं, हाच तो! कृष्णविवरांच्या टकरीचा उजेड सापडला असता तर केवढी मोठी बातमी. वरुण भालेराव आणि सहकाऱ्यांनी ॲस्ट्रोसॅटच्या सीझेडटीआय या उपकरणाच्या नोंदी तपासल्या. त्यात दिसलं की लहरीनंतर जवळजवळ २१ तासांनी एक वेगळाच गॅमा स्फोट झाला होता, आणि तो ठिपका त्या स्फोटाचा मागे उरलेला उजेड होता. लहरीशी त्याचा काही संबंध नव्हता. करूळ की भुईबावडा, याचं उत्तर भारतीय उपग्रहाने दिलं! आपल्याकडे किती जणांनी ही बातमी वाचली? मीही तेव्हा वाचली नव्हती.

आता रागाचं. ॲस्ट्रोसॅट म्हातारा झालाय. तसाही तो मेसेज आला की मिनिटांत वळण्यासाठी बनवलेला नव्हता. १ जानेवारी २०२४ ला सोडलेला एक्सपोसॅट चांगला आहे, पण त्याचं काम वेगळं, ठळक एक्स-रे स्रोतांचं ध्रुवीकरण मोजण्याचं. ज्याच्यावर सगळं जग अवलंबून आहे तो स्विफ्ट २००४ सालचा. त्याची कक्षा खाली घसरतेय आणि त्याला वर ढकलायची खटपट नासाला करावी लागतेय. चीनने दरम्यान जानेवारी २०२४ मध्ये आइनस्टाइन प्रोब सोडला, जून २०२४ मध्ये फ्रान्सबरोबर एसव्हॉम सोडला. दोन्ही नेमके याच कामाचे, अचानक उजळणाऱ्या गोष्टी टिपायचे.

आणि आपल्याकडे ‘दक्ष’ नावाचा प्रस्ताव आहे. आयआयटी मुंबईचे तेच भालेराव आणि देशातल्या अनेक संस्था त्यामागे आहेत. पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंना दोन उपग्रह, म्हणजे आकाशाचा कुठलाच कोपरा पाठीमागे राहत नाही. त्यांचं मुख्य काम गुरुत्वीय लहरींबरोबरचे आणि इतर उच्च ऊर्जेचे स्फोट पकडण्याचं. पण असा चोवीस तासांचा पहारा असेल, तर न्यूट्रिनो आल्याक्षणी ‘त्या बाजूला आत्ता काही उजळलं का?’ हे विचारता येईल. ‘उजळलं नाही’ हे उत्तरही कामाचं असतं. गेली कित्येक वर्षं या प्रस्तावाचं बोलणं चालू आहे. आकाशात उपग्रह नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो-इंडियासाठी २०२३ साली सरकारने २६०० कोटी मंजूर केले, ते योग्यच केलं. पण ती वेधशाळा इशारा देणारी आहे. इशारा मिळाल्यावर धावणारा आपला नसेल, तर आपण दरड पडल्याचा मेसेज पाठवणार आणि बघायला दुसऱ्याची गाडी जाणार. दक्षसारखा पहारेकरी, आणि त्याच्या जोडीला चटकन वळणारी एक एक्स-रे दुर्बीण, याचा निर्णय आता व्हायला हवा. ॲस्ट्रोसॅट बनवणारे हात निवृत्त झाल्यावर निर्णय घेतला, तर सगळं पहिल्यापासून शिकावं लागेल. कोलारनंतर तेच झालं.

ही पोस्ट लिहिण्याआधी चहाच्या टपरीवर हे सगळं बोललो तर एकाने विचारलंच, “ह्याचो आमका काय उपयोग रे?” खोटं बोलणार नाही. उद्या सकाळी काही उपयोग नाही. आंब्याचा मोहोर टिकणार नाही, सरकारी दवाखान्यात डॉक्टर येणार नाही. आणि कोणी म्हणालं की आधी दवाखाना, तर मी त्याच्याशी भांडणार नाही. मी फक्त एवढं म्हणेन की दवाखान्याचे पैसे या उपग्रहाने खाल्लेले नाहीत. ते कुठे जातात ते आपल्याला चांगलं माहीत आहे. आणि एका देशाला दोन्ही कामं जमली पाहिजेत.

आता शेवटचं, आणि हे जरा आपल्याच अंगावर येणारं आहे. आपल्या तिठ्यावरून पश्चिमेला जाणारा रस्ता विजयदुर्गला जातो. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि सांगतात की १८६८ च्या ग्रहणात लॉकयर साहेबाने इथून हेलियम शोधला. मीही पाहुण्यांना हेच सांगत आलो. मग ते काकांचं वाक्य आठवलं आणि तपासायला बसलो. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास ग्रहण भारतातून दिसलं हे खरं. पण त्या दिवशी लॉकयर भारतात नव्हता. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होता, मछलीपट्टणला पॉगसन. लॉकयरने सूर्याच्या प्रकाशातली ती पिवळी रेघ त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमधून बघितली. विजयदुर्गला तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला.

याने विजयदुर्ग लहान होत नाही. उलट खरी गोष्ट जास्त चांगली आहे. ती पिवळी रेघ म्हणजेही एक इशाराच होता. ओळखीच्या सोडियमच्या रेघांजवळ, पण त्यांच्याशी न जुळणारी. ‘हे नवीन मूलद्रव्य आहे’ यावर अनेकांचा विश्वास बसत नव्हता. १८९५ मध्ये रॅम्सेने पृथ्वीवरच्या एका खनिजातून तोच वायू काढून दाखवला तेव्हा वाद मिटला. सत्तावीस वर्षं लागली. आणि नंतर तीनच वर्षांनी तो साहेब आपल्या किल्ल्यावर आपली यंत्रं मांडून उभा होता. पोरांना ही गोष्ट तारखांसकट सांगा. १८ ऑगस्टला हेलियम दिवस जरूर साजरा करा, पण फलकावर १८९८ लिहा.

हेलियमला सत्तावीस वर्षं लागली. न्यूट्रिनोचा पहिला संशयित मिळून अजून दहाही झाली नाहीत. घाई नाही, पण डोळे उघडे हवेत, आणि त्यातला एखादा डोळा आपला हवा.

तुम्ही काय करू शकता? दोन गोष्टी. आपले खासदार पुढच्या वेळी तिठ्यावर आले की हायवेबरोबर हाही प्रश्न विचारा, दक्षचं काय झालं? माणूस गोंधळेल, पण दिल्लीत जाऊन कोणाला तरी विचारेल. दुसरं, ज्यांची मुलं सायन्सला आहेत त्यांनी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, पुण्याला आयुकात न्या. त्या दिवशी दरवाजे सगळ्यांना उघडे असतात. ॲस्ट्रोसॅटच्या जुन्या नोंदीही ठराविक मुदतीनंतर सगळ्यांसाठी खुल्या होतात. वैभववाडीच्या किंवा कणकवलीच्या कॉलेजातली एखादी पोर लॅपटॉपवर त्या उघडून बसली तर तिला कोण अडवणार?

आणि पावसाळ्यात घाटाचा मेसेज आला तर मी हल्ली तो पुढे ढकलत नाही. आधी वैभववाडीला फोन करतो. तुम्हीही करा.

पटलं नसेल तर खाली लिहा. कुठे चुकलो असेन तर नक्की लिहा, तपासून दुरुस्त करीन.